माळ्यावरची कॅमेऱ्याची पिशवी खाली काढली आहे, आता पुढे?

माळ्यावरची | २ डिसेंबर, रात्री १०:४०

दिवाळीच्या साफसफाईत जी पिशवी खाली आली, ती अजून परत माळ्यावर गेलेली नाही. येताजाता पायात येते. म्हणून हा धागा.

पिशवीत निकॉन डी-९०, ७०-३०० व्हीआर लेन्स, कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-१०५, एक फुगलेली बॅटरी आणि भीमाशंकरच्या कुठल्याशा खानावळीचं बिल. कॅमेरा २०१० साली घेतला, पगाराच्या फरकाचे पैसे मिळाले तेव्हा. घरात खरं तर फ्रिज बदलायचा होता. फ्रिज दोन वर्षांनी आला, तोवर दूध रोज संध्याकाळी नासायचं आणि सासूबाई कॅमेऱ्याकडे बघायच्या.

चार वर्षं मी पक्ष्यांच्या मागे, एकही रविवार घरी काढला नाही. पाषाण तलाव, सिंहगडाची दरी, कवडीपाट, वीर धरण, हिवाळ्यात भिगवण, पावसाळ्यात कास. मग २०१४ मध्ये लेक झाली, पाठोपाठ बदली, मग सासूबाईंचं आजारपण. कुणी 'बंद कर' म्हटलं नाही हो. मी 'पुढच्या महिन्यात' म्हणत राहिले, एवढंच. लेक आता सहावीत आहे.

कार्डावर शेवटचे फोटो आहेत ९ फेब्रुवारी २०१४ चे, कवडीपाटचे. एकशेचाळीस फोटो नुसत्या नदी सुरयांचे. त्यातला अगदी शेवटचा म्हणजे रिकामं आभाळ आणि उजव्या कोपऱ्यात शेपटीचं टोक.

नवी बॅटरी घालून परवा सोसायटीच्या बागेत गेले. बुलबुलाचे त्रेसष्ट फोटो काढले, धड आले दोन. पूर्वी अंगठा आपोआप चाकावर फिरायचा, आता प्रत्येक वेळी कॅमेरा डोळ्यापासून काढून बघावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे पक्षी दिसतच नाहीत. आवाज येतो, झाड समोर असतं, पण पक्षी काही सापडत नाही. नवरा म्हणतो चष्म्याचा नंबर वाढला असेल. नंबर नाही तो, जुने लोक समजतील मी काय म्हणतेय ते.

तर प्रश्न असे. ७०-३०० च्या आत पांढरे धागे दिसताहेत, ती बुरशीच का? नवा कॅमेरा घ्यावा का? आणि सुरुवात कुठून करू? ऑफिसात ज्याला त्याला विचारलं तो म्हणतो ताडोबा.

अर्धा_कप | २ डिसेंबर, रात्री १०:५२

पहिला! बाकी फ्रिजचा किस्सा आमच्या हिला वाचून दाखवला. चूक झाली.

कोथरूडचा_खंड्या | २ डिसेंबर, रात्री ११:३०

लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी करा, खोलीत अंधार करा आणि मागच्या बाजूने मोबाईलची बॅटरी तिरकी मारा. नुसते ठिपके दिसले तर धूळ, ती असू द्या, फोटोत दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर बुरशी. वर्णनावरून तीच वाटते. ती लेन्स आजच दुसरीपासून वेगळी ठेवा. कडेला असेल तर फोटोवर फारसा फरक पडत नाही. मधोमध असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो दुधाळ येतात. स्वतः स्क्रूड्रायव्हर लावू नका. माझ्या एका लेन्सचा त्यात निकाल लागलाय. फार दिवस झाले असतील तर बुरशी काचेवरचा लेप खाते, मग पुसूनही डाग राहतो.

खरी गुन्हेगार ती पिशवी आहे. अस्तर, फोम, आत कोंडलेली पावसाळी हवा आणि अंधार. बुरशीला आणखी काय हवं? ताईंनी दहा-अकरा पावसाळे तिला जेवू घातलंय. स्वयंपाकघरातला रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, आणि तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही. एक छोटा आर्द्रतामापक मिळतो तो आत ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला की झालं. तांदळात ठेवा म्हणून सांगणारे भेटतील. त्यांना भात करायला सांगा.

पाणकावळा | ३ डिसेंबर, सकाळी ७:१५

मी स्पष्टच लिहितो. डी-९० हा २००८ चा कॅमेरा आहे. १२ मेगापिक्सेल, फोकसचे ११ बिंदू, सेकंदाला साडेचार फोटो. आजचे मिररलेस कॅमेरे पानांच्या गर्दीतून पक्ष्याचा डोळा शोधून त्याला धरून ठेवतात. तुमच्या त्रेसष्टपैकी चाळीस तरी धड आले असते. उगाच जुन्याला कवटाळण्यात अर्थ नाही.

तुमची ७०-३०० निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यावर जोडणी (अडॅप्टर) लावून चालेल, ऑटोफोकससकट, कारण तिच्यात स्वतःची मोटर आहे. ज्या जुन्या लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालायच्या, त्यांना मात्र त्या जोडणीवर हाताने फोकस करावा लागतो. माझी ८०-२०० अशीच शोभेची वस्तू झाली आहे.

कोथरूडचा_खंड्या | ३ डिसेंबर, सकाळी ९:०२

पाणकावळेराव, माहिती बरोबर, सल्ला चूक. कॅमेरा डोळा शोधेल, पण पक्षी कुठल्या फांदीवर आहे ते बाईंनाच शोधायचंय, आणि त्यांची तक्रार तीच आहे. दोन महिने जुन्यावर घासू दे. तेव्हाही हौस टिकली तर खुशाल दोन लाख घालवा.

पाणकावळा | ३ डिसेंबर, सकाळी ९:१०

दोन लाख कोण म्हणालं? सेकंडहँड बघा की.

झाडीपट्टी | ३ डिसेंबर, दुपारी १:२०

ताई, मी चंद्रपूरचा, म्हणून सांगायचा हक्क आहे. ताडोब्यापासून सुरुवात करू नका. जंगल वाईट नाही. पण जिप्सीचे, राहण्याचे, रेल्वेचे पैसे मोजून माणूस गेटातून आत शिरला की डोक्यात एकच असतं, वाघ. मोर दिसला तर गाडी पुढे घ्या, रानकुत्रे दिसले तर दोन मिनिटं थांबा आणि पुढे घ्या. हात बसलेला नसताना असं गेलं की फोटोही जातो आणि जंगलही.

माझा पहिला वाघ मी कॅमेऱ्यातूनच पाहिला. मोहर्लीकडून आत गेलो होतो, वाघीण रस्ता ओलांडून बांबूत गेली. असतील सात-आठ सेकंद. सगळे फोटो हलले. आणि आज मला ती वाघीण आठवतच नाही, आठवतो तो कॅमेऱ्यातला लुकलुकणारा फोकसचा चौकोन. भावाने नुसत्या डोळ्यांनी पाहिली. तो अजून तिच्या कानामागच्या पांढऱ्या ठिपक्यांचं वर्णन करतो.

यायचंच असेल तर उन्हाळ्यात या, पाणवठ्यावर जनावर बसतं. मंगळवारी बंद असतं, पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद, मोबाईल आत नेऊ देत नाहीत. तुमची ३०० ची लेन्स इकडे भरपूर झाली. उलट शेजारच्या जिप्सीतल्या तोफवाल्यांना वाघ जवळ आला की नुसत्या मिशा मिळतात. गर्दी नको असेल तर आमच्याच बाजूचं नागझिरा बघा.

भटकभवानी | ३ डिसेंबर, रात्री ९:४५

सगळे पक्ष्यांवरच तुटून पडलेत. माळ्यावरची, तू प्रवासातले फोटोही काढायचीस ना? (अगंतुगं करतेय, चालेल ना?) माझीही हौस अशीच मध्ये सात वर्षं झोपली होती. उठली ती दिवेघाटात. वारीच्या दिवशी पुलाखाली चहा पीत होते, हातात फक्त फोन. वळणावरून पताका येताना दिसल्या आणि मी चहा तसाच ठेवून चढायला लागले.

माणसांचे फोटो पक्ष्यांपेक्षा अवघड, कारण माणूस परत बघतो. लांबून झूम लावून म्हातारीच्या सुरकुत्या टिपायचे ते फोटो मला आता आवडेनासे झालेत. मी शेजारी बसते, गाव विचारते, पाणी पिते, मग विचारते, 'मावशी, काढू का?' निम्म्या वेळा त्या पदर सारखा करून ताठ बसतात आणि फोटो लग्नाच्या अल्बमसारखा येतो. तोही काढते. पाठवते त्यांच्या नातवाच्या फोनवर.

आणि एक फुकटचा सल्ला. जेजुरीला सोमवतीला जाणार असशील तर कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांध आणि वर लेन्स बदलू नकोस. भंडारा उधळताना काय सुंदर दिसतो! पण तो पुढे-मागे सरकणाऱ्या नळीत जातो आणि राहतो. माझी १८-५५ अजून पस्तिसाच्या आसपास करकरते. मागच्या वर्षी गोकर्णला समुद्रावर झूम केली तर बोटाला हळद लागली.

अर्धा_कप | ३ डिसेंबर, रात्री ९:५८

येळकोट येळकोट जय मल्हार! लेन्सचीही हळद झाली म्हणायची.

माळ्यावरची | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

भटकभवानी, अगंतुगं चालेल, धावेल. सगळ्यांचे आभार.

बुरशीच निघाली. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले तर त्याने लेन्स उजेडात धरली आणि म्हणाला, 'फेकून द्या, नवीन घ्या, माझ्याकडे आहे.' तिथून निघाले. दुसरा एका बोळात पहिल्या मजल्यावर बसणारा म्हातारा. त्याने आधी चष्मा पुसला, मग लेन्स पाहिली आणि विचारलं, 'घाई आहे का?' नाही म्हटलं. 'मग ठेवून जा.' तीन दिवसांनी दिली. कडेला नखाएवढा डाग राहिलाय, लेप गेला म्हणाला. घेतलेल्या पैशांचा आकडा सांगितला तर तुम्ही सगळे त्याच्याकडे रांग लावाल.

एक मूर्खपणाही केला. १२८ जीबीचं कार्ड आणलं. कॅमेरा ओळखच दाखवेना. मला वाटलं कॅमेरा गेला. मग लेकीने पुस्तिका शोधून वाचून दाखवली, ३२ च्या पुढचं कार्ड हा बाबा घेत नाही. तिला फार आनंद झाला.

रविवारी कवडीपाटला जाते.

मांडवीकाठ | ७ डिसेंबर, दुपारी ४:३०

वाचतोय. आमच्या गोव्यातून एक भर घालतो. मी कॅमेरा विकून टाकला होता, हौसही त्याच्याबरोबर गेली असं धरून चाललो होतो. रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर एका कामाला गेलो, सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच आहे. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांमध्ये चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत होत्या. जवळ गेलो की बिळात. मग काठावर बसून राहिलो. वीस मिनिटांनी एक बाहेर आली, दोन्ही डोळे डोक्यावर, एक डोळा खोबणीत ओढून घेतला आणि ओला करून परत बाहेर काढला. मग दुसरा. फोनने काढला तो फोटो. कामाचा माणूस तोवर निघून गेला होता.

जर्सीकर | ७ डिसेंबर, रात्री ११:५०

इकडे न्यू जर्सीत माझंही तेच. थंडीत घरात बसून बसून माणूस आंबतो. गेल्या नोव्हेंबरात एक मित्र ओढून मेरीलँडला कोनोविंगो धरणावर घेऊन गेला. ससक्वेहाना नदीवरचं धरण. टर्बाइनमधून बाहेर पडणारे मासे गुंगीत वर येतात आणि ते उचलायला टकले गरुड जमतात. काठावर पहाटेपासून तिकाट्यांची रांग, वारीसारखीच. भोंगा झाला की पाणी सुटणार, मग सगळे चहा-कॉफी खाली ठेवतात. माझ्या शेजारचे सत्तरीचे आजोबा, भलीमोठी लेन्स. गरुड समोरून मासा घेऊन गेला, शंभर कॅमेरे कडकडले, आजोबांनी कळ दाबलीच नाही. विचारलं तर म्हणाले, पाठीवर ऊन होतं, तोंडावर नव्हतं.

तेव्हापासून मी आधी ऊन कुठे आहे ते बघतो.

माळ्यावरची | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

कवडीपाट वृत्तांत.

साडेसहाला पोचले. आधी वास आला, मग नदी दिसली. लोणी काळभोरच्या अलीकडे मुळा-मुठेवर हा जुना बंधारा आहे, आणि पुण्याने नदीत जे जे सोडलं ते सगळं इथे अडतं. फेस, थर्माकोल, एक बाहुली, निर्माल्याच्या पिशव्या. आणि त्याच घाणीत चक्रवाकांची जोडपी, शेकाटे, हळदी-कुंकू बदकं, चित्रबलाक. चक्रवाक कुठून कुठून हिमालय ओलांडून येतात आणि आपण त्यांना हे देतो. असो, तो वेगळा धागा होईल.

पहिला तास नुसता फुकट. कॅमेरा डोळ्याला लावून गरागरा फिरत होते. मग कंटाळून बंधाऱ्याच्या दगडावर बसले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला. पाच-सात मिनिटांत हळूहळू दिसायला लागलं. म्हणजे आधीपासून होतंच सगळं. ज्याला मी दगड समजत होते तो वंचक होता, माझ्यापासून पंधरा फुटांवर. फ्लशच्या फुटक्या टाकीवर धोबी शेपूट हलवत होता.

मग कवड्या खंड्या आला. हा पाण्यावर हवेत एका जागी थांबतो ते आठवत होतं, पण तेव्हा त्याचं डोकं कसं असतं ते विसरले होते. पंख इतके फडफडतात की दिसत नाहीत, अंग वर-खाली होतं, आणि डोकं खिळा ठोकल्यासारखं स्थिर. चोच सरळ खाली. मग पंख मिटून दगडासारखा पाण्यात. चार वेळा पडला, तीन वेळा रिकामा. चौथ्यांदा बोटाएवढी मासोळी घेऊन दगडावर बसला आणि तिला डावीकडे आपट, उजवीकडे आपट. शटर १/२०००, आयएसओ ८००. फोटो भरड आलेत, पण पाचेक धड आहेत. एकात मासोळीचा डोळासुद्धा दिसतोय.

बोटांना दुसऱ्या तासात चाक सापडलं, न बघता.

कोथरूडचा_खंड्या | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

माझ्या भावबंदाचा फोटो डकवा की इथे! आणि पुढच्या रविवारी परत तिथेच जा, दुसरीकडे नको. तीन-चार रविवार एकाच दगडावर बसलात की कोणता पक्षी कोणत्या काठीवर परत येतो ते कळतं. मग तुम्ही फोकस काठीवर आधीच करून ठेवता.

पाणकावळा | १० डिसेंबर, सकाळी ७:४०

आयएसओ ८०० ला भरड. मी काही बोलत नाही.

माळ्यावरची | २० जानेवारी, रात्री ८:५०

धागा वर काढतेय. पाच रविवार कवडीपाट झालं. खंड्या, काठीचं म्हणणं पटलं. काल ऑफिसच्या चौघींबरोबर भिगवणला गेले आणि डोकं फिरवून आले.

कुंभारगावातून नाव घेतली. उजनीचं पाणी उतरायला लागलंय, चिखलाचे पट्टे उघडे पडताहेत, त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) चांगले आलेत. दीड-दोनशे असतील. माना खाली, चोच उलटी पाण्यात, पाय चिखलात नाचवत, हळूहळू एका दिशेने चाललेले. आमच्या नावाड्याने इंजिन लांबच बंद केलं होतं. तेवढ्यात मागून दुसरी नाव आली, तिच्यात सहा कॅमेरे. एकाने हाताने खूण केली, नावाड्याने इंजिन वाढवलं आणि नाव थेट थव्यात घातली. सगळा थवा उठला. गुलाबी-काळे पंख, खालून सकाळचं ऊन, काय दृश्य! आणि मी कळ दाबून धरली हो. एकवीस फोटो. माझे सगळ्यात चांगले फोटो आहेत ते, आणि मला ते कुणाला दाखवावेसे वाटत नाहीत.

पाणकावळा | २० जानेवारी, रात्री ९:०५

पक्षी उडतातच. पाच मिनिटांत परत बसले असतील. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?

झाडीपट्टी | २० जानेवारी, रात्री ९:२०

दिवसात तीस नावा जातात तिथं. तीस वेळा उठायचं आणि बसायचं. खायचं कधी? तो पक्षी पाणी गाळून गाळून पोट भरतो, त्याला दिवसभर मान खाली ठेवावी लागते.

भटकभवानी | २० जानेवारी, रात्री ९:४०

नावाड्यांना एकट्यांना दोष देऊ नका रे. मासेमारीतून जेमतेम भागत होतं, आता हिवाळ्यात चार पैसे मिळतात. गिऱ्हाईक खूश तर वर शंभराची नोट. उडवल्यावर नोट मिळते हे त्यांना आपणच शिकवलंय. मी नावेत पाय ठेवायच्या आधी सांगते, 'दादा, उडवायचे नाहीत, लांबून बांबूने न्या, वरचे पैसे तेवढेच देणार.' काय खूश होतात! एकाने मला त्या बदल्यात पट्टकादंबांची चरायची जागा दाखवली. परत येऊन त्याच्याच घरी तळलेली चिलापी खाल्ली.

कोथरूडचा_खंड्या | २० जानेवारी, रात्री १०:१०

भटकभवानीशी सहमत. घरट्याचे फोटो काढायचे नाहीत, आवाजाची रेकॉर्डिंग लावून पक्षी बोलवायचा नाही, हे आता बऱ्याच जणांना पटलंय. वीस वर्षांपूर्वी मीसुद्धा दोन्ही केलंय. नवरंगाला फोनवरून शीळ ऐकवायचो, बिचारा घसा फोडून यायचा भांडायला. नावेचंही पटेल हळूहळू. माळ्यावरची, त्या एकवीसमधला एक फोटो ठेवा, बाकीचे उडवा. (शब्द चुकला.)

माळ्यावरची | २० जानेवारी, रात्री १०:३०

एकही उडवला नाही अजून. बघू.

आता जरा मदत करा. कालच्या भिगवणच्या परतीच्या वाटेवर एका डबक्याकाठी काढलेला फोटो टाकलाय. हा पक्षी कोणता, हिरवी तुतारी की ठिपकेवाली? लेक म्हणते हिरवी, कारण पाठ काळपट आहे.

कोथरूडचा_खंड्या | २० जानेवारी, रात्री १०:४२

भुवई बघा. पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत लांब गेली तर ठिपकेवाली, डोळ्याशीच संपली तर हिरवी. फोटोत डोक्यावर गवताचं पातं आलंय नेमकं.

माळ्यावरची | २० जानेवारी, रात्री १०:४५

पातं मलाही आत्ता दिसलं.

कोथरूडचा_खंड्या | २० जानेवारी, रात्री १०:४७

कवडीपाटला दोन्ही असतात. बंधाऱ्याच्या डाव्या हाताला, जिथे पाणी उथळ आहे तिथे. लेकीला घेऊन या रविवारी, मीही येतो. सव्वासहाला. चहा मी आणतो.

अर्धा_कप | २० जानेवारी, रात्री १०:४९

माझ्यासाठी अर्धाच.